डाव्या पानावरचा मधुकर

दर नोव्हेंबरात मला मी जिवंत असल्याचं लिहून द्यावं लागतं. पेन्शन खाणाऱ्या सगळ्यांनाच द्यावं लागतं, त्यात विशेष काही नाही. एरवी बँकेतला पोरगाच फॉर्म भरून घ्यायचा. यंदा तो मान वर न करता म्हणाला, "काकाजी, बाहेरून टाईप करून आना. तहसीलसमोर निंबाखाली करून देतात." मी म्हटलं, दुसरीकडे कुठं करत नाहीत का? तर म्हणाला, नाही. आता ऐंशी उलटलेल्या माणसानं बँकेत वाद घालून मिळवायचं काय! गेलो.

जळगाव जामोदच्या तहसीलसमोरचा तो निंब मी साठ वर्षं टाळला. बाजाराला आलो तर मागच्या गल्लीनं जायचो. बायको विचारायची, सरळ रस्ता सोडून हा वळसा कशाला? मी म्हणायचो, तिकडे ऊन असतं. निंबाखाली ऊन! तिनं एकदाही खोदून विचारलं नाही, हे तिचे उपकार.

निंब तोच आहे. एक मोठी फांदी मात्र गेली. खाली पत्र्याची चार खोकी आणि प्रत्येकात एकेक संगणक. मी पहिल्याच खोक्यात शिरलो. नसरीन म्हणून एक मुलगी बसली होती, बोटं अशी चालत होती की बघत राहावं. तिनं एक कोरा छापील कागद माझ्यापुढे सरकवला.

"काका, इथं खाली सही मारून द्या. नाव-गाव मी भरून घेते मंग. गर्दी हाय नं."

मी कागद तसाच तिच्याकडे परत सरकवला.

"आधी नाव टाक, पोरी," मी जरा जोरातच बोललो. "नाव टाकल्याशिवाय मी सही करत नाही."

"या अल्ला! काका, इस्टेट नाही लिहून घेऊन राह्यली मी तुमची." ती हसली. मागच्या रांगेतले दोघेतिघे हसले. "बसा मंग. नंबर आला का बोलावते."

मी पारावर बसलो. बरोबर त्याच जागी वामनकाकांचं टेबल असायचं.

वामनकाका अर्जनवीस होते. अर्जनवीस म्हणजे लोकांचे अर्ज, तक्रारी, शपथपत्रं लिहून देणारा माणूस. महाराष्ट्र होऊन दोनेक वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. अख्ख्या तालुक्यात इंग्रजी टाईप करणारे ते एकटेच. टेबलाचा एक पाय आखूड, त्याखाली विटेचा तुकडा. वर काळं जड टाईपरायटर, त्याच्यावर काकूनं जुन्या लुगड्याचं शिवलेलं झाकण. कार्बन कागदाचा वास, फितीच्या शाईचा वास आणि काकांच्या तोंडातल्या पानाचा वास. कात-चुन्याचा डाग टाळायला ते टाईप करताना मान मागे धरायचे, त्यामुळे त्यांना न ओळखणाऱ्याला वाटे, हा माणूस फार गर्विष्ठ आहे. कागद मात्र जुने. त्यांच्याकडे छापील नमुन्यांचे गठ्ठे होते, मध्यप्रांत-वऱ्हाडच्या काळातले. आधी त्यावर मध्य प्रदेश आलं, मग मुंबई राज्य, मग महाराष्ट्र. काका जुन्या नावावर एक्स-एक्स-एक्स अशी ओळ मारायचे आणि वर नवं टाईप करायचे. "सरकार बदलते," म्हणायचे, "कागद काऊन फेकायचा?"

आमचा आसलगावला पानमळा. नागवेलीची पानं. बाबा दर आठवडी बाजाराला काकांसाठी पन्नास पानांची जुडी वेगळी काढायचे, निवडक, देठासकट. मी खामगावच्या कॉलेजातून बी.ए. झालो, आणि कॉलेजच्या फळ्यावर वाचलेली एक जाहिरात डोक्यात घेऊन घरी आलो. दूर दक्षिणेतल्या एका शहरात एक संस्था निघाली होती. ज्यांची मायबोली इंग्रजी नाही त्यांना इंग्रजी कसं शिकवायचं, याचा तिथला पदवीनंतरचा अभ्यासक्रम. जागा थोड्या, प्रवेश परीक्षा कडक. निबंध, उतारे आणि डिक्टेशन: परीक्षक वाचणार, आपण ऐकून उतरवायचं. माझं इंग्रजी पुस्तकातलं. कानांनी मी ते जवळजवळ ऐकलेलंच नव्हतं. कॉलेजातले प्राध्यापकसुद्धा इंग्रजी मराठीतून शिकवत.

मला ती जागा हवी होती. साधीसुधी नाही, जीव जाईल इतकी हवी होती. पानमळ्याबद्दल माझी तक्रार नव्हती, पण तिथं बारा महिने ओल, अंधारी सावली आणि वेली बांधत वाकलेली बाबांची पाठ. ती पाठ मला माझ्या पाठीत दिसायला लागली होती. बाबा म्हणाले, "आपल्याले काय समजते त्यातलं. वामनरावाले विचारू." आणि पानाच्या जुडीसोबत मलाही टेबलासमोर उभं केलं.

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. जाहिरात कोणती ते विचारलं. मी सांगितली. ते बराच वेळ टाईपरायटरच्या झाकणाची घडी घालत बसले.

"मधूनंही हाच फॉर्म भरला होता," ते म्हणाले. "उद्यापासून घरी येजो. सकाळी सात वाजता."

मधुकर त्यांचा एकुलता एक मुलगा. मी त्याला दोनदाच पाहिलेला: एकदा नांदुऱ्याच्या बसमध्ये खिडकीशी वाचताना, एकदा शाळेच्या गॅदरिंगला. उंच, कपाळावर येणारे केस. तो आदल्या वर्षी गेला. कसा गेला ते त्या घरात कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. परीक्षेला महिना राहिला असताना गेला, एवढं गावाला ठाऊक होतं.

काकांचं घर धाब्याचं, म्हणजे वर मातीचं सपाट छत. ओसरीत शेणसड्याचा गार वास, आतून चुलीवरच्या भाकरीचा. खुंटीला मधूची छत्री आणि त्याचा तपकिरी कोट. भिंतीवर त्याचा फोटो नव्हता. गेलेल्या माणसाचा फोटो हार घालून लावतात, तो काकांनी लावू दिला नव्हता. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावानं नवी घागर पाण्यानं भरून ठेवतात. तीही मागच्या आखाजीला त्या घरात भरली नव्हती. हे मला माझ्या आईनं सांगितलं, हळू आवाजात, जसं आजारपण सांगतात. "घागर नाई भरली तर तो तहानेला राहीन नं बाप्पा," ती म्हणाली. मी शहाणा बी.ए., हसलो होतो.

पहिल्या सकाळी काकांनी एक जाड बांधणीची वही पुढ्यात ठेवली. उघडली. डाव्या पानावर निळ्या-काळ्या शाईत डिक्टेशन उतरवलेलं, अक्षर जरासं उजवीकडे कललेलं, घाई नसलेलं. खाली लाल पेन्सिलीनं आकडा: ३. उजवं पान कोरं.

"डावीकडे मधू लिहिते," काका म्हणाले. "तू उजवीकडे लिही."

लिहिते म्हणाले, म्हणजे लिहितो; लिहायचा नाही. मी वर पाहिलं, पण त्यांनी वाचायला सुरुवात केली होती.

काका डिक्टेशन द्यायचे ते पाठ असलेल्या कोर्टाच्या कागदांतून. जुने निकाल, दावे, बांधाचे तंटे, पुराचे पंचनामे. आवाज सपाट, प्रत्येक शब्द स्वच्छ, मध्येच "कॉमा", मध्येच "फुलस्टॉप". मधूच्या पानावरचाच उतारा, त्याच क्रमानं. झालं की वही ओढून घ्यायचे, लाल पेन्सिल थुंकीनं ओली करायचे आणि दोन्ही पानं शेजारी धरून तपासायचे.

"मधूच्या तीन. तुझ्या अकरा. हे काय लिहून ठेवलं बे? कान कुठी ठेवून येतो तू, मळ्यात?"

मी घरी येऊन चिडचिड करायचो. जिवंत पोराशी स्पर्धा कुणीही करेल, पण ज्याच्या चुका आता वाढूच शकत नाहीत त्याच्याशी काय करायची! आणि तरी करत होतो. पौष लागेतो माझ्या सातवर आल्या, मग पाच. कधी कधी लिहिता लिहिता नजर डावीकडे जायची. पुढचा शब्द तिथं लिहिलेलाच असायचा. मी चोरून पाहिला तर काका काही बोलायचे नाहीत, पण मलाच शरम वाटायची. हळूहळू माझं अक्षर उजवीकडे कलायला लागलं. आई म्हणाली, हे तुझं अक्षर नाही. मी म्हटलं, तुला वाचता कुठं येतं! आणि मग दिवसभर नीट जेवलो नाही.

काकू कमी बोलायची. डिक्टेशन चालू असताना उंबऱ्यात बसून काहीतरी निवडत असायची. तिला इंग्रजीचा ओ की ठो कळत नव्हता, पण काकांचा आवाज थांबला की तिचे हातही थांबायचे. संपलं की म्हणायची, "जेवून जाय रे. भाकर टाकून राह्यली मी." पानावर वाढताना ती माझ्याकडे बघायची नाही. खुंटीवरच्या कोटाची धूळ मात्र रोज झटकायची.

एकदा मी काकांना विचारलं, तुम्ही इतकं चांगलं इंग्रजी शिकलात कुठं? म्हणाले, कोर्टात, ऐकून. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "इंग्रजीत आपण पाहुणे. लोकाच्या घरात आवाज हळू, चालणं नीट. तिथं कोणी रडत नाही." मला ते पटलं. आमच्या पानमळ्यात पायतण बाहेर काढून शिरतात, मोठ्यानं बोलत नाहीत, वेल बाटते म्हणतात. मला वाटलं, काका तेवढंच सांगत असतील.

मग एक सकाळ आली. थंडी चांगलीच होती, ओसरीत शेगडी ठेवली होती. उतारा एका पुराच्या पंचनाम्याचा. काका सांगत होते, मी उतरवत होतो: पूर ओसरल्यानंतर सदर गावचे रहिवासी आपापल्या घरी परतले, कॉमा, आणि त्यांना असं आढळून आलं की...

काका थांबले. मी पेन धरून वाट पाहत राहिलो. डावीकडे पाहिलं. मधूचं वाक्यही तिथंच थांबलं होतं. पुढं शाई नव्हती, वहीच्या शेवटापर्यंत काहीच नव्हतं.

"पुढं, काका?"

"आज एवढंच."

काकूनं नंतर दारापर्यंत येऊन मला सांगितलं, "त्या रोजी त्याले कसर वाटून राह्यली होती, अंग तापलं होतं. उठून आत जाऊन पडला." एवढंच.

दुसऱ्या दिवशी मला वाटलं, पुढचं वाक्य मिळेल. काकांनी नवी वही दिली आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. तोच पहिला उतारा, तोच दुसरा. ती वही पुन्हा त्या पुरापाशी आली आणि पुन्हा थांबली. मग तिसऱ्यांदा. मी कधी विचारलं नाही. घरी परतताना वाटेत तेच वाक्य मनात यायचं: काय आढळून आलं त्या लोकांना? घरं होती का? कुणी उरलं होतं का? आजही कधी बस नदीच्या पुलावरून जाताना माझ्या डोक्यात ते वाक्य सुरू होतं आणि थांबतं.

फॉर्म त्या दिवसांतच भरला. तो इंग्रजीतून टाईप करून पाठवायचा होता. त्या काळी निंबाखालची रीतच होती, आधी कोऱ्यावर सही किंवा अंगठा, मजकूर मग. अर्जनवीसावर विश्वास नाही म्हणजे स्वतःच्या भावावर नाही. आसलगावची बस उभी होती, ड्रायव्हर हॉर्न मारत होता. मी खाली सही ठोकली, गुणपत्रिका त्यांच्याकडे दिली आणि पळालो. काकांनी टाईप करून त्याच दुपारी पोस्टात टाकला.

परीक्षेचं हॉलतिकीट काकांच्या पत्त्यावर आलं. मी ओसरीत शिरलो तर ते पाकीट फोडूनच बसले होते, चेहरा असा उजळ मी कधी पाहिला नव्हता. "आलं पाय!" म्हणाले, आणि डिक्टेशनच्या आवाजात वाचायला लागले. केंद्र नागपूर. तारीख. वेळ. बैठक क्रमांक. आणि उमेदवाराचं नाव: मधुकर वामन, आणि पुढं त्यांचं आडनाव.

स्वच्छ वाचलं. अडखळले नाहीत. वाचून झालं, घडी घातली आणि माझ्या हातात दिली.

उंबऱ्यात काकूचा हात सुपात थांबला होता. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण तिच्या पोराचं नाव कुठल्याही भाषेत तेच राहतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या घरात जायला लागल्यापासून पहिल्यांदाच. मला समजलं की फॉर्मवर काय टाईप झालं होतं. तोंड उघडायची वेळ तीच होती. मी उघडलं नाही. माझ्या चांगुलपणामुळे म्हणावं तर खोटं होईल. काका इतके आनंदात होते हे खरं, पण बोललो तर परीक्षाच हातची जाईल, ही भीतीही तेवढीच खरी. हॉलतिकीट खिशात घातलं आणि भाकर न खाताच निघालो.

नागपूरच्या त्या शाळेच्या हॉलमध्ये फिनेलचा वास होता. पर्यवेक्षकांनी नावं घ्यायला सुरुवात केली. मधूचं नाव आलं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "येस सर." खणखणीत म्हणालो, स्वतःच्या नावाला कधी म्हटलं नव्हतं इतकं. हजेरीच्या कागदावर सही मात्र माझी केली. निबंधात मी आपल्या गावाबद्दल लिहिलं, तेही कोर्टाच्या इंग्रजीत: सदर गाव, सदर नदी, आणि शेवटी, आपला नम्र अर्जदार. आता हसू येतं. पुढं संस्थेत तो निबंध चेष्टेनं वाचून दाखवला जायचा, आणि मीही हसायचो. डिक्टेशन सुरू झालं तेव्हा परीक्षकाचा आवाज मला ऐकूच आला नाही. मला काकांचा ऐकू येत होता. डाव्या हाताशी रिकामं बाक होतं, पण मी सारखा तिकडे बघत होतो.

चैत्र संपता संपता पत्र आलं. या वेळी ते आसलगावला आलं, गुणपत्रिकेवरच्या पत्त्यावर. निवड झाली होती. खाली दुसरा परिच्छेद: अर्जावरचं नाव आणि गुणपत्रिकेवरचं नाव जुळत नाही. मधुकर हा कोण, त्याचा अर्जदाराशी संबंध काय, आणि हे नाव अर्जावर कसं आलं, याचं अर्ज भरणाऱ्या माणसाचं शपथपत्र पंधरा दिवसांत पोचलं नाही तर जागा रद्द समजावी.

बाबांना मराठीत सांगितलं. ते वेलीचं बंधन सोडून बसले. "अर्ज भरणारा वामनराव," म्हणाले. "तेच्याकून लिहून घ्यायचं, का माहा पोरगा मेला म्हून?"

"हो."

"नको जाऊ मंग." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "नाई, जाय. मी काय सांगू बाप्पा, तुह्यं तू पाय."

पंधरातले दहा दिवस मी घालवले. पानमळ्यात पाणी फिरवलं, वेली बांधल्या. पाठ वाकवून पाहिली, जमतं का. जमलं नाही. जमलं असतं तर मी आज हे सांगत बसलो नसतो, आणि मला अजून ठरवता येत नाही की ते बरं झालं असतं की वाईट. अकराव्या दिवशी गेलो. आखाजीचा आदला दिवस होता. कुंभारणी घागरी घेऊन रस्त्याच्या कडेनं बसल्या होत्या, सगळीकडे ओल्या मातीचा वास.

पत्र काकांपुढे ठेवलं. त्यांनी सवयीनं मोठ्यानं वाचायला घेतलं. पहिला परिच्छेद वाचला, मान डोलावली. दुसरा त्याच आवाजात वाचला, सपाट, स्वच्छ. मधुकर हा कोण. मग तोच परिच्छेद मनात वाचला. चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, घातला.

"माह्या हातून झालं?"

"हो काका."

"अन् हॉलतिकिटावर तुले दिसलं होतं?"

"दिसलं होतं."

"मंग बोलला काऊन नाही बे?"

"तुम्ही वाचून दाखवत होता..." एवढंच निघालं. त्यांनी पत्राची घडी घातली, पुन्हा उघडली. मी मनात म्हणत होतो, नाही म्हणा काका, नाही म्हणून टाका, मी उठून जातो. आणि त्याच वेळी मनातच म्हणत होतो, चारच दिवस उरलेत.

"वही आण," ते म्हणाले.

"कुठली?"

"मधूची. पहिली."

मी फडताळातून आणली. त्यांनी ती पुराच्या पानापाशी उघडली, जिथं दोन्हीकडची वाक्यं थांबली होती, आणि ते पान उलटलं. पुढचं डावं पान कोरं होतं.

"डावीकडे लिही," म्हणाले. "उजवं राहू दे."

आणि इंग्रजीत सांगायला सुरुवात केली. आवाज तोच. मी, वामन, व्यवसाय अर्जनवीस, राहणार जळगाव जामोद, कॉमा, शपथेवर असं कथन करतो की, कॉमा, सदर अर्जावरील नाव माझ्या हातून चुकीनं टाईप झालं, फुलस्टॉप. सदर अर्जदार त्याबाबत निर्दोष आहे, फुलस्टॉप. सदर नाव माझा दिवंगत मुलगा मधुकर याचं आहे, फुलस्टॉप.

दिवंगत याला त्या भाषेत चार अक्षरांचा एक शब्द आहे. काकांनी तो उच्चारला, बाकीच्या शब्दांसारखाच. मी ऐकला. माझा हात तो लिहायला तयार झाला नाही. मी तो शब्द सोडून पुढचा लिहिला. माझा मुलगा मधुकर, असं वाक्य झालं.

उंबऱ्यातून काकूनं विचारलं, "काय लिहून राह्यले तुमी?"

"अर्ज."

"कोनाचा?"

काकांनी नेहमीसारखी वही ओढली. लाल पेन्सिल थुंकीनं ओली केली. बोट ओळीवर ठेवून वाचत गेले, शेवटच्या ओळीपाशी आले. बोट थांबलं. माझा मुलगा मधुकर. दोन शब्दांच्या मध्ये त्यांनी खालून एक छोटी खूण केली आणि वर, लाल पेन्सिलीनं, स्वतःच्या हातानं, तो चार अक्षरांचा शब्द लिहिला. सावकाश, सुवाच्य. मग पानाच्या खाली आकडा घातला.

"एक चूक," म्हणाले.

मग काकूकडे वळून त्यांनी सांगितलं, "मधूचा."

काकू रडली नाही. सूप बाजूला ठेवलं, पदरानं हात पुसले. म्हणाली, "मंग घागर आना लागते." आणि खुंटीवरचा कोट काढून घडी घालायला लागली. काका तेव्हा रडले. मी पाहू नये म्हणून त्यांनी तोंड भिंतीकडे केलं होतं, पण धाब्याचं घर लहान असतं, लपायला जागा नसते.

दुपारी निंबाखाली जाऊन त्यांनी ते स्वच्छ टाईप केलं. या वेळी सही करण्याआधी मला पूर्ण वाचायला लावलं, मोठ्यानं. मी वाचलं, तो शब्दही वाचला. परतताना काकांनी कुंभारणीकडून घागर घेतली. घासाघीस केली नाही, बोटानं वाजवून मात्र नीट पाहिली, चीर नाही ना. आणि खांद्यावर घेऊन माझ्या पुढे चालू लागले. एवढ्या उन्हात ती कोरी, रिकामी घागर घेऊन चाललेला तो माणूस मला अजून पाठमोराच आठवतो.

मी गेलो, शिकलो, आयुष्यभर लोकांच्या पोरांना इंग्रजी शिकवलं. निघताना काकूनं वही माझ्या पेटीत टाकली होती. पहिली दोन वर्षं मी काकांना इंग्रजीत पत्रं लिहायचो, ते लाल पेन्सिलीनं तपासून परत पाठवायचे. मग मीच कमी लिहायला लागलो. कारणं सांगण्यासारखी नाहीत. सुखानं राहत होतो आणि त्या सुखाच्या आधीचं एक पान मला उघडायचं नव्हतं. दोघं गेल्याचं मला फार उशिरा कळलं, एकाच पत्रात दोन ओळींत. त्यांच्या नावानं घागर कुणी भरली, माहीत नाही. ते पत्र आलं त्या वर्षीच्या आखाजीपासून मी दरसाल तीन भरतो. बायको विचारायची, काका-काकूच्या दोन कळतात, तिसरी कुणाची? मी म्हणायचो, एका विद्यार्थ्याची.

"काका! ओ काका! या, नंबर आला." नसरीन हाक मारत होती.

मी आत जाऊन बसलो. तिनं बोटं कळफलकावर ठेवली. "हां, सांगा. पुरं नाव."

आणि खोटं कशाला सांगू, जिभेवर आधी मधूचंच आलं. साठ वर्षांपूर्वी ज्या नावाला मी खणखणीत उत्तर दिलं होतं, तेच. मग माझं सांगितलं. तिनं टाईप केलं, कागद निघाला, गरम होता. मी चष्मा पुसून बोट ठेवून वाचत गेलो. वर नमूद केलेली व्यक्ती आज रोजी हयात आहे. ती ओळ दोनदा वाचली.

नसरीनचा धीर सुटत चालला होता. "काऊन काका, चूक हाय का काही?"

"नाही पोरी," मी म्हणालो. "एकही नाही."

आणि नावाखाली सही केली.